मालकच ऋणको

जानेवारी १९५५ मध्ये दिल्लीचे अर्थखाते आणि मुंबईची रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. रिझर्व्ह बँकेत केंद्र सरकारचे जे खाते असते, त्यात दर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक असले पाहिजेत. शुक्रवारचा आकडा मोठा, कारण बँकेचा आठवड्याचा हिशेब शुक्रवारी बंद होई. शिल्लक त्याखाली गेली की सरकारने ९१ दिवस मुदतीची ट्रेझरी बिले रिझर्व्ह बँकेच्या हाती ठेवायची आणि बँकेने तेवढी रक्कम खात्यात जमा करायची. बाजारात जायला नको, व्याजाची घासाघीस नको. दोन कार्यालयांमधला हा कारभाराचा मामला होता. ‘ॲड-हॉक’ म्हणून ओळखली जाणारी ही बिले ४२ वर्षे निघत राहिली.

भारतातल्या बँक राष्ट्रीयीकरणाची कहाणी आपण सहसा दोन तऱ्हांनी ऐकतो. एकीत मूठभर उद्योगपतींच्या ताब्यातला पैसा गरिबांच्या दारी पोचतो. दुसरीत इंदिरा गांधी आपल्या पक्षातल्या ढुढ्ढाचार्यांना एका वटहुकमाने चीतपट करतात. दोन्हींत तथ्य आहे. पण या सगळ्या काळात देशातला सर्वांत मोठा कर्जदार कोण होता, हे दोन्हींत फारसे येत नाही. तो कर्जदार म्हणजे सरकार. त्याच्या तिजोरीच्या बाजूने पाहिले तर १९६९ हे साल मधला एक टप्पा ठरते. सुरुवातही तिथे नाही आणि शेवटही.

सुरुवात खरे तर निकडीतून झाली. पहिली योजना मार्गी लागली तेव्हा खेड्यातला शेतकरी कर्ज काढतो कुठून, याची देशव्यापी पाहणी रिझर्व्ह बँकेने करवली. ए. डी. गोरवाला यांच्या समितीत पुण्याचे धनंजयराव गाडगीळही होते. १९५४ मध्ये आलेल्या अहवालातले आकडे आजही दचकवतात. ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. समितीने सरकारी भागीदारीची एक मोठी बँक सुचवली. त्यातून १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले.

तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरही तेच. म्हणजे पैसे मागणाऱ्या आणि देणाऱ्या अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलेला हा माणूस. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री त्यांनीच आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा संस्था एका झटक्यात सरकारच्या ताब्यात आल्या आणि सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. विमाधारकांची फसवणूक थांबवणे हे कारण खरे होतेच. काही कंपन्यांचे मालक हप्त्यांचा पैसा आपल्याच धंद्यात फिरवत होते. पण दुसरी पंचवार्षिक योजना दारात उभी होती, तिला पोलादाचे कारखाने आणि धरणे हवी होती, आणि लोकांची दीर्घ मुदतीची बचत योजनेकडे वळवायला आयुर्विम्यासारखे दुसरे साधन नव्हते. देशमुखांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले, आणि महाराष्ट्राच्या स्मरणात ते प्रामुख्याने त्या राजीनाम्यासाठी राहिले.

त्यांच्या जागी आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींच्या काळात रिझर्व्ह बँकेला आपली खरी जागा कळली. १९५६ च्या अखेरीस त्यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क भरमसाट वाढवले. दिसायला करातला एक फेरफार; पण त्यामुळे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा पैसा महागला, म्हणजे बँक रेट वाढवल्यासारखेच झाले, तेही रिझर्व्ह बँकेला बाजूला ठेवून. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँक ही अर्थखात्याची एक शाखा आहे, अशा भाषेत त्यांना सुनावले. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली. साडेसात वर्षे गव्हर्नर राहिलेले रामा राव जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढची अनेक दशके रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेच्या प्रश्नावर कोणत्याही गव्हर्नराला फार मोठ्याने बोलावेसे वाटले नाही, यात नवल नाही.

सरकारी मालकीच्या बचतीचे काय होऊ शकते, याची चुणूकही लगेच मिळाली. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या डळमळीत कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. सत्ताधारी पक्षातल्याच फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. ती ऐकायला एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ मध्ये जावे लागले. मालकी सरकारकडे आली की एका दूरध्वनीवर गुंतवणुका होतात, हा त्या प्रकरणाचा धडा. तो मात्र मंत्र्याच्या राजीनाम्याबरोबर विसरला गेला.

खासगी बँकांची बाजू घ्यावी असेही फार काही नव्हते. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. पलाईच्या ठेवीदारांत पेन्शनर, शिक्षक, छोटे मळेवाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने लहान बँकांची सक्तीने विलीनीकरणे सुरू केली आणि १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत विमा आला. १९५१ च्या अखेरीस ५६६ असलेल्या बँका १९६९ पर्यंत ८९ उरल्या. उरल्या त्या सुरक्षित झाल्या, मोठ्याही झाल्या; पण कर्ज कोणाला मिळत होते? साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात बँकांच्या कर्जांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश उद्योगांकडे जात होते आणि शेतीकडे जेमतेम दोन टक्के. त्यातलाही मोठा हिस्सा चहा-कॉफीच्या मळ्यांचा. युको बँक म्हटले की बिर्ला, सेंट्रल म्हटले की टाटा, देना म्हटले की देवकरण नानजी, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते. संचालक मंडळावर बसायचे आणि आपल्याच कंपन्यांना कर्ज मंजूर करायचे, हा आरोप केवळ डाव्यांचा नव्हता.

मग देशावर एकामागून एक संकटे आली. १९६२ आणि १९६५ ची युद्धे, लागोपाठ दोन वर्षांचा दुष्काळ, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन, परकी मदतीत काटछाट, आणि चौथी योजना लांबणीवर. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस लोकसभेत २८३ जागांवर आली आणि अनेक राज्ये तिच्या हातून निसटली. पक्षातल्या तरुण तुर्कांना, म्हणजे चंद्रशेखर, आपले पुण्याचे मोहन धारिया वगैरे मंडळींना, उतारा ठाऊक होता: अधिक समाजवाद, आणि त्याची पहिली पायरी बँकांचे राष्ट्रीयीकरण. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांना ते मान्य नव्हते. त्यांनी डिसेंबर १९६७ मध्ये ‘सामाजिक नियंत्रणा’चा मधला मार्ग काढला. मालकी खासगीच राहील, पण संचालक मंडळावर उद्योगपतींचे बहुमत चालणार नाही, संचालकांच्या कंपन्यांना कर्ज देता येणार नाही, आणि कर्जाची दिशा राष्ट्रीय पतपरिषद ठरवील. हा कायदा १ फेब्रुवारी १९६९ पासून अमलात आला. त्याला जेमतेम साडेपाच महिने मिळाले. तो चालला असता की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात. माझ्या मते त्याला परीक्षेला बसण्याआधीच नापास ठरवले गेले.

कारण मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून पक्षातली भांडणे चव्हाट्यावर आली. जुलैत बंगलोरला अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. पहिल्या दिवशी इंदिराबाई गैरहजर. त्यांनी आर्थिक धोरणावर घाईघाईत लिहिलेले टिपण पाठवले. या टिपणातला एक तपशील मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच फार कमी वेळा सांगितला जातो. त्यात पहिल्या पाच-सहा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा विचार होता; पण त्याला पर्यायही दिला होता, तो असा की बँकांच्या पैशातला अधिक मोठा हिस्सा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवण्याचे आदेश काढावेत. म्हणजे मालकी बदला किंवा पैसा वळवा, हेतू एकच. पुढच्या वीस वर्षांत सरकारने या दोन पर्यायांपैकी एक निवडला नाही. दोन्ही अमलात आणले.

बंगलोरला पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचे नाव पुढे केले. यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींच्या पारड्यात पडले. दिल्लीला परतल्यावर १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. ते सरकारमधूनच बाहेर पडले. अर्थखाते पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले. पुढचे तीन दिवस कसे गेले, हे त्या वेळी अर्थखात्यात असलेल्या आय. जी. पटेल आणि डी. एन. घोष यांनी आपापल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पटेलांना बोलावून पंतप्रधानांनी विचारले ते इतकेच की बँकिंग तुमच्याकडे आहे ना; मग राजकीय कारणांसाठी राष्ट्रीयीकरण ठरल्याचे सांगून कायद्याचा मसुदा, मंत्रिमंडळासाठी टिपण आणि राष्ट्राला उद्देशून करायचे भाषण असे सारे चोवीस तासांत तयार ठेवायला सांगितले. अट एकच, कुठेही वाच्यता नको. परदेशी बँकांना हात लावू नये, हा सल्ला पटेलांचा. तो मानला गेला.

घाईला कारण होते. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतः निवडणूक लढवायला राजीनामा देणार होते, आणि सोमवारी २१ जुलैला संसदेचे अधिवेशन सुरू होणार होते. वटहुकूम काढायचा तर शनिवार हाताशी होता. १९ जुलैला गिरींनी सही केली आणि रात्री साडेआठला पंतप्रधान आकाशवाणीवर बोलल्या. ५० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या चौदा देशी बँका सरकारच्या झाल्या. माणूस चंद्रावर उतरला तो याच्या दुसऱ्या दिवशी. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांना पहिले पान पुरले नसेल.

पन्नास कोटींची ही रेघ ठेवी पाहत होती, मालक पाहत नव्हती. त्यामुळे टाटा-बिर्लांच्या बँकांबरोबर सयाजीरावांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली बँक ऑफ बडोदाही गेली, आणि प्रा. वामन गोविंद काळे यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये पुण्यात निघालेली, मध्यमवर्गीयांच्या ठेवींवर वाढलेली बँक ऑफ महाराष्ट्रही. मक्तेदारी मोडण्याच्या घोषणेशी त्या बँकेचा फारसा संबंध नव्हता. आधीच सरकारी असलेल्या स्टेट बँकेचा समूह धरला तर देशातल्या ठेवींपैकी चार पंचमांशांहून अधिक ठेवींची मालकी आता एका हाती होती.

रस्त्यावर उत्साह होता. पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर रिक्षावाले, टॅक्सीवाले, चर्मकार, फेरीवाले येऊन अभिनंदन करत होते. न्यायालयात चित्र वेगळे. सेंट्रल बँकेचे एक संचालक आणि भागधारक रुस्तम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले; त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा मतांनी कायदा रद्द ठरवला. राष्ट्रीयीकरण करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. भरपाईचे निकष आणि निवडक चौदाच बँकांना धंदा करण्यास केलेली मनाई, या दोन गोष्टींवर बोट ठेवले. चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला, मार्चअखेर नवा कायदा झाला, आणि चौदा बँकांच्या भागधारकांना मिळून सुमारे ८७ कोटी रुपये भरपाई ठरली. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती अजित नाथ रे पुढे तिघा ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश झाले, पण ती कथा निराळी.

यानंतर जे झाले त्यातला चांगला भाग आधी सांगायला हवा, कारण तो खरोखर मोठा आहे. राष्ट्रीयीकरणाच्या आधीच नेमलेल्या धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये जिल्हा हा घटक धरून नियोजन करण्याची कल्पना मांडली. त्यातून अग्रणी बँक योजना आली. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर. पुढे नियम झाला की शहरात एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या गावांत चार काढा. जून १९६९ मध्ये देशात सुमारे ८,२६० शाखा होत्या, त्यातल्या ग्रामीण १,८३०. १९९० मध्ये शाखा साठ हजारांच्या घरात आणि ग्रामीण पस्तीस हजारांच्या आसपास. एका शाखेमागे ६४ हजार लोक होते, ते १४ हजारांवर आले. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांचा २००५ मधला गाजलेला अभ्यास या शाखाविस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटल्याचे सांगतो. ज्या गावात पोस्टाखेरीज पैसे ठेवायला सुरक्षित जागा नव्हती, तिथे पासबुक आले. घरातले किडुकमिडुक मोडून सावकाराकडे जाण्याआधी दुसरे एक दार ठोठावता येऊ लागले.

आता दुसरी बाजू. पासबुकात जमा झालेला पैसा जायचा कुठे?

१९४९ च्या बँकिंग कायद्यात एक साधे कलम होते. बँकांनी ठेवींच्या ठराविक टक्के रक्कम रोख, सोने किंवा सरकारी रोख्यांत ठेवावी. उद्देश ठेवीदाराच्या सुरक्षेचा: बँकेवर लोकांची रीघ लागली तर चटकन मोडता येईल अशी काही मालमत्ता हाताशी असावी. सुरुवातीला हे प्रमाण २० टक्के होते, १९६४ मध्ये २५. बँकवाले याला एसएलआर म्हणतात. राष्ट्रीयीकरणानंतर हा आकडा चढत गेला. १९७२ मध्ये ३० टक्के, १९७४ मध्ये ३३, १९८१ मध्ये ३५, १९८८ मध्ये ३८, सप्टेंबर १९९० मध्ये साडेअडतीस. शिवाय रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचे वेगळे प्रमाण होते, ते १९८९ मध्ये १५ टक्क्यांवर पोचले. दोन्ही मिळून शंभरांतले साडेत्रेपन्न रुपये. उरलेल्यातले ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, लघुउद्योग वगैरेंना. दुकानाच्या मालकाने स्वतःच्याच गल्ल्यातून उधार घ्यावी आणि व्याजाचा दरही स्वतःच लिहावा, तसा हा व्यवहार होता. फरक इतकाच की गल्ल्यातले पैसे गिऱ्हाइकांचे होते.

दराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲड-हॉक बिलांवरचे व्याज जुलै १९७४ मध्ये ४.६ टक्क्यांवर ठरले आणि तिथेच थिजले. त्या वर्षी महागाई वीस टक्क्यांच्या वर होती. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. पाठीशी बांगलादेशचे युद्ध, बहात्तरचा दुष्काळ आणि अरबांनी चौपट केलेले तेलाचे भाव. पैसा हवा होता, आणि स्वस्तात मिळत होता. अशा वेळी दर वाढवा असे कोणता अर्थमंत्री म्हणेल? दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांवरचे सर्वोच्च व्याजही १९७७-७८ मध्ये साडेसहा टक्के होते. या स्वस्ताईची किंमत कोणी तरी मोजतच होते: ठेवीदाराला महागाईहून कमी व्याज मिळे, आणि गिरणी किंवा कारखाना चालवणाऱ्याला कर्ज महाग पडे, कारण सरकारकडून न मिळालेली कमाई बँकांना त्याच्याकडून वसूल करावी लागे.

योजनेच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तरी कर्जाचा पैसा धरणे, वीज, कारखाने यांत जात होता असे म्हणता येई. १९७९-८० पासून मात्र केंद्राच्या महसुली खात्यातच तूट पडू लागली आणि ती कायमची झाली. म्हणजे पगार, अनुदाने आणि जुन्या कर्जाचे व्याज भागवायला नवे कर्ज. एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारकडे आल्या. त्या वेळी चौदा बँकांच्या वेळचा जल्लोष नव्हता. ९१ दिवसांची बिले मुदत संपली की नव्या बिलांनी बदलली जात, आणि ढीग फार वाढला की त्यातला काही भाग मुदतच नसलेल्या विशेष रोख्यांत रूपांतरित होई. केंद्राचा व्याजाचा खर्च १९८०-८१ मध्ये सुमारे २,६०० कोटी होता. दहा वर्षांत तो साडेएकवीस हजार कोटींवर गेला.

सावध करणारे आवाज आतूनच आले. गव्हर्नर असताना डॉ. मनमोहन सिंग यांनी १९८२ च्या अखेरीस सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितले की रोख्यांवर वाजवी व्याज द्या, आणि रिझर्व्ह बँकेने सरकारसाठी किती पैसा निर्माण करायचा याची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा. पहिले थोडेफार ऐकले गेले, रोख्यांचे व्याज साडेअकरा टक्क्यांवर आले. दुसरे फायलीत राहिले. याच काळात अर्थ राज्यमंत्री जनार्दन पुजारी यांचे कर्जमेळावे भरत होते. मंडप, हारतुरे, व्यासपीठावरून कर्जाचे कागद वाटणे. शाखाधिकाऱ्याला कोणाला कर्ज मिळणार ते मेळाव्यात कळे आणि वसुलीला मात्र तो एकटा. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने निवडणुकीतले वचन पाळून दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ केली. अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधू दंडवते. त्यांच्या वैयक्तिक सचोटीबद्दल विरोधकही शंका घेत नसत. त्या सरकारला देशाच्या तिजोरीत फारसे काही सापडले नव्हते, हेही खरे. पण फेडणाऱ्याने फेडून काय मिळवले, हा प्रश्न गावोगावच्या शाखांत तेव्हापासून विचारला जाऊ लागला.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला. दशकभराची तूट आयातीत आणि परदेशी कर्जात झिरपलेली होती. तिची परतफेड अंगावर आली. नोव्हेंबरात चंद्रशेखर पंतप्रधान झाले. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरणासाठी सर्वांत मोठा आवाज ज्यांनी लावला, त्यांच्याच सरकारवर मे १९९१ मध्ये जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला विकण्याची वेळ आली. जुलैत, नरसिंह राव सरकार आल्यावर, आणखी ४७ टनांच्या आसपास सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून गेले. परकी चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. घरातले सोने सावकाराकडे जाणे म्हणजे काय, हे या देशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लोक हादरले ते म्हणूनच.

नव्या सरकारात अर्थमंत्री मनमोहन सिंग. आपणच नेमलेल्या समितीचा अहवाल पुन्हा उघडायची संधी त्यांना सहा वर्षांनी मिळाली. एम. नरसिंहम यांच्या समितीने नोव्हेंबर १९९१ मध्ये एसएलआर पाच वर्षांत २५ टक्क्यांवर आणायला आणि बुडीत कर्जे बुडीत म्हणून दाखवायला सांगितले. हिशेबाचे नवे नियम लागू होताच सरकारी बँकांची झाकली मूठ उघडली. मार्च १९९३ मध्ये दिलेल्या कर्जांपैकी तेवीस टक्क्यांवर रक्कम थकीत निघाली. सरकारी बँकांनी मिळून त्या वर्षी तीन हजार कोटींवर आणि पुढल्या वर्षी चार हजार कोटींवर तोटा दाखवला. मालकाला भांडवल ओतणे भाग होते, आणि मालकाकडे पैसा नव्हता. मग सरकारने बँकांना भांडवल दिले आणि बँकांनी त्याच पैशाचे सरकारी रोखे घेतले. १९९८ पर्यंत असे वीस हजार कोटींच्या आसपास भांडवल दिले गेले. ८७ कोटींना घेतलेल्या मालमत्तेची ही उशिरा आलेली पावती. मधल्या महागाईचा हिशेब धरला तरी ती जड आहे.

एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला तोही याच मांडणीच्या पोटातून. कमी व्याजाच्या सरकारी रोख्यांनी बँकांच्या तिजोऱ्या भरलेल्या, नफ्याचा दबाव नव्याने आलेला, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या नोंदी हाताने होत असलेल्या. रोखे नसताना रोख्यांच्या पावत्या फिरल्या आणि बँकांचा पैसा दलालामार्फत शेअर बाजारात गेला. लोकांना आठवते ती मेहताची मोटार. घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीचे अहवाल चाळले तर ठळक दिसतो तो सरकारी कर्जाचा असा बाजार, ज्यात भाव खरे नव्हते आणि नोंदीही वेळेवर होत नव्हत्या.

१९५५ च्या त्या व्यवस्थेला हात लागला तो ९ सप्टेंबर १९९४ रोजी. मनमोहन सिंगांचे अर्थखाते आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्यात लेखी करार झाला: ॲड-हॉक बिले तीन वर्षांत बंद करायची, आणि त्या वर्षअखेर त्यांतली वाढ ६,००० कोटींच्या पुढे जाऊ द्यायची नाही. मार्च १९९७ मध्ये, अर्थमंत्री पी. चिदंबरम असताना, पुरवणी करार झाला आणि १ एप्रिलपासून ॲड-हॉक बिले संपली. त्यांच्या जागी मर्यादेतली, मुदतीत फेडायची उचल आली. जुन्या बिलांचा साठा ४.६ टक्क्यांच्याच विशेष रोख्यांत बदलून रिझर्व्ह बँकेच्या वहीत राहिला. सरकारला आता लिलावात उतरून, बाजार मागेल ते व्याज देऊन कर्ज काढावे लागणार होते. व्याज बारा-तेरा टक्क्यांच्या वर गेले तेव्हा दिल्लीत कुरकुर झाली, पण व्यवस्था मोडली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात एसएलआर २५ टक्क्यांवर आला. १९६४ मध्ये तो होता तिथे.

सक्ती संपली, आता बँका उद्योगांना आणि शेतीला भरभरून कर्ज देतील, असा होरा होता. पण नव्या नियमांत सरकारी रोख्याला बुडण्याची जोखीम शून्य धरलेली होती, व्याज बाजारभावाचे होते, आणि कर्ज थकले तर चौकशी शाखाधिकाऱ्याची होत होती. रोख्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नव्हते. मार्च २००४ मध्ये व्यापारी बँकांनी ठेवींच्या चाळीस टक्क्यांच्या वर रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवलेली होती. कायद्याने मागितले होते पंचवीस.